आमच्या वंशावळीतलं शून्य

ज्या डीएनए चाचणीबद्दल लिहितेय, तिच्यासाठी माझा स्वतःचा काडीचा उपयोग नव्हता. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, मुलीच्या वाट्याला ते येत नाही. त्यामुळे घराण्याचा इतिहास उकरायची हौस माझी, आणि गालाच्या आतून बोळा फिरवून द्यायचं काम बाबांचं. बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे. "निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला नेतात बापाला," एवढं म्हणाले आणि आ वासला.

हौसेला कारण होतं आमचा कुलवृत्तांत. १९५०च्या दशकात छापलेला, निळ्या कापडी बांधणीचा, वाळवीने दोन कोपरे खाल्लेला. त्यातली गोष्ट सरळ आहे. मूळपुरुषाला तीन मुलगे. १७४०च्या सुमारास थोरला घाट चढून वाईकडे आला, पेशवाईत त्याच्या मुलाला थोडी इनाम जमीन मिळाली. मधला आणि धाकटा कोकणातच राहिले. आम्ही थोरल्या पातीचे. देव आमच्याकडे, सनदेची नक्कल आमच्याकडे, आणि त्याचा ताठाही आमच्याकडे. दत्तक गेलेल्या-आलेल्या माणसांपुढे संपादकांनी कंसात 'द.' छापलंय. मधल्या पातीत असे चार 'द.' आहेत, धाकटीत दोन. आमच्यात एकही नाही. हे आजोबा अभिमानाने सांगायचे.

शेवटी 'घराण्यातील चालीरीती' म्हणून दीड पान आहे. बोडण कधी, नवरात्र किती दिवसांचं, वगैरे. आमच्या पातीपुढे दोन ओळी जास्तीच्या आहेत: अंगणात दुधी लावीत नाहीत, आणि वसिष्ठगोत्री घराशी सोयरीक करीत नाहीत. आमचं गोत्र शांडिल्य, वसिष्ठांशी आमचं वाकडं असायचं शास्त्रात काही कारण नाही. लहानपणी मला दुधीचंच जास्त नवल वाटायचं.

आम्ही ३७ मार्करची चाचणी घेतली. पाठवणावळ धरून दहा-अकरा हजार रुपये लागले. हे मार्कर म्हणजे काय, ते मी बाबांना असं सांगितलं: लिहिणाऱ्याची लेखणी अडखळावी आणि एकच छोटं अक्षरी पद त्याने पुन्हापुन्हा लिहीत जावं, तशा काही जागा या गुणसूत्रावर आहेत. एका जागी ते पद पंधरा वेळा, दुसऱ्या जागी तेवीस वेळा. बाप-मुलात हे आकडे बहुतेक जसेच्या तसे उतरतात, क्वचित एखादा एकाने वाढतो किंवा घटतो. दोन माणसांचे आकडे जितके जुळतील तितका त्यांचा सामाईक पूर्वज जवळचा. बाबा आयुष्यभर तालुका कचेरीत नोकरी केलेले. "म्हणजे नक्कलनविसाच्या चुकांवरून मूळ दस्त कुणाकडचा ते ओळखायचं," म्हणाले. याहून चांगली व्याख्या मला नंतर कुठे मिळाली नाही.

निकाल २०१९च्या डिसेंबरात आला. रकान्यांमागून रकाने, प्रत्येकात आकडा. आणि डीवायएस ४५८ या मार्करपुढे शून्य.

या जागी बहुतेकांचा आकडा पंधरा ते अठराच्या आसपास असतो. शून्य कसं असेल? मला वाटलं नमुना खराब झाला, बाबांनी आधी चहा घेतला असणार. कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की ही जागा दोनदा तपासली, दोन्ही वेळा तिथून काही उमटलंच नाही. मग समजलं की हे शून्य म्हणजे मोजणीतला आकडाच नव्हे. मोजायला गेले तेव्हा ती जागाच सापडली नाही. असं होण्याची कारणं दोन. एक, मार्कर शाबूत आहे पण त्याला पकडायचा जो चिमटा वापरतात, तो जिथे बसतो तिथलं एखादं अक्षर बदललंय. दोन, तो अख्खा तुकडाच गुणसूत्रावरून गळालेला आहे.

माझी एक शाळेतली मैत्रीण पॅथॉलॉजिस्ट आहे. तिला फोन केला तर ती हसायलाच लागली. "चारशे अठ्ठावन्न? मग पोलिसी चाचणीत तुझे बाबा बाई ठरतील बघ."

तिने सांगितलं ते असं. रक्ताचा डाग पुरुषाचा की स्त्रीचा हे ओळखायला अमेलोजेनिन नावाच्या जनुकाचा वापर होतो. दातांच्या इनॅमलशी संबंधित जनुक. एक्सवरची प्रत १०६ अक्षरांची दिसते, वायवरची ११२ अक्षरांची. दोन्ही दिसल्या तर पुरुष, एकच दिसली तर स्त्री. पण काही पुरुषांच्या वायवर अमेलोजेनिनचा भागच नसतो, आणि डीवायएस ४५८ त्याच भागात बसतो, त्यामुळे बहुधा दोन्ही एकदम जातात. १९९८मध्ये श्रीलंकेतल्या २४ पुरुषांत असे दोन सापडले, तेव्हा याची पहिल्यांदा चर्चा झाली. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००२मध्ये भारतीय पुरुषांचे नमुने तपासले, तर शंभरात जवळजवळ दोन. युरोपात हे अगदीच दुर्मीळ. म्हणजे जगाच्या दृष्टीने विचित्र, आपल्याकडे तितकंसं नाही.

मी विचारलं, तब्येतीला काही? ती म्हणाली, "अगं, तुझ्या पणजोबांनाही हे असणार. त्यांना मूल होऊ शकलं म्हणून तू फोन करतेयस." एक्सवरची प्रत दातांचं काम पाहते. बाबांचे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अठ्ठावीस दात शाबूत आहेत, ते अजून ऊस सोलतात. बाई ठरण्याचं त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग लोकलच्या बायकांच्या डब्यात बसू का? तिथे जागा असते म्हणतात."

इथपर्यंत गंमत होती.

मधल्या पातीतला आमचा एक भाऊबंद न्यू जर्सीला असतो. नातं मोजायला गेलं तर सात-आठ पिढ्यांचं, पण कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीच्या निमित्ताने आमचा पत्रव्यवहार होता. त्यानेही हीच चाचणी केली. आमचे आकडे शेजारी मांडले आणि माझ्या पोटात गोळा आला. एक-दोन मार्करचा फरक नव्हे, निम्म्याहून जास्त जागी आकडे वेगळे. त्याचा हॅप्लोग्रुप, म्हणजे बापाकडच्या वंशाची मोठी फांदी, आर-१-ए, बाबांचा जे-२. या दोन फांद्या एकमेकींपासून चाळीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वी फुटल्या. १७४०च्या भावाभावांत हे शक्य नाही.

इथे माझं जे झालं ते प्रामाणिकपणे लिहिते. मला एका क्षणाचीही शंका आली नाही की फट त्याच्या बाजूला आहे. मधल्या पातीत चार 'द.' आहेत ना. आम्ही थोरले, देव आमच्याकडे. त्याला मी मोठ्या समजुतीचं पत्र लिहिलं की कुणाच्याही घराण्यात असं होतं, वाईट वाटून घेऊ नकोस. आज ते पत्र आठवलं तरी कानशिलं तापतात.

दोन नमुने जुळले नाहीत तर त्यातून फक्त एवढंच सिद्ध होतं की जुळले नाहीत. कोण मूळ वंशातला हे दोघांवरून ठरत नाही, त्याला तिसरा लागतो. धाकट्या पातीचे तात्या रत्नागिरीजवळ आंब्याच्या बागा सांभाळतात. त्यांना फोन केला. "माझी लाळ अमेरिकेला? आणि हापूसवर कर लावतात ते!" पण घरचे आंबे काढून झाल्यावर मी स्वतः गेले, दोन दिवस राहिले, शेवटच्या दिवशी सकाळी चूळ भरून त्यांनी गाल घासून दिला. वर बजावलं, "काय निघालं ते मला आधी सांगायचं. अमेरिकेला नंतर."

तात्यांचे आकडे न्यू जर्सीशी जुळले. सदतीसपैकी पस्तीस जसेच्या तसे, दोन ठिकाणी एकेकाचा फरक. मधली पाती आणि धाकटी पाती एकाच पुरुषाची. वेगळे होतो ते आम्ही.

तात्यांना फोन केला. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग, "बाबांना सांगितलंस?" नव्हतं सांगितलं. बाबांनी गाल घासून दिला तेव्हा असलं काही निघू शकतं हे मी सांगायला हवं होतं, आणि ते मी सांगितलं नव्हतं. आता इतरांचे नमुने घेताना मी पहिलं वाक्य हेच बोलते: हव्या त्या उत्तरासाठी ही चाचणी करू नका.

बाबांना सांगितलं तेव्हा ते देवासमोरच बसले होते, गंध उगाळत. "म्हणजे हे देव आपले नव्हेत?" एवढंच विचारलं. मला उत्तर आलं नाही. त्यांनी पूजा पुरी केली.

मग सल्लागार भेटू लागले. अशा निकालांना सल्लागार फार. एक गृहस्थ म्हणाले, जे-२ म्हणजे पश्चिम आशिया, तुमचा पूर्वज अरबी खलाशी. दुसऱ्यांनी थेट नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाशी आणि कोकणातल्या ज्यूंशी, बेने इस्रायलींशी, नातं जोडलं. ज्यू पुरोहितांच्या घराण्यांत जी खूण गाजली ती जे-१ची, जे-२ची नव्हे, पण हे कोण पाहतो. जे-२ भारतात हजारो वर्षं आहे, आणि बाबांची फांदी, एम-२४१, देशभर नाना जातींत सापडते. शिवाय तो गळालेला तुकडा. भारतात अशा ज्या नोंदी झाल्यात, त्यातल्या बऱ्याच याच फांदीवरच्या. म्हणजे आमचं शून्य कुठून समुद्रापलीकडून आलेलं नव्हतं, ते इथलंच. उलट बाजूने आर-१-ए म्हणजे ब्राह्मण असं छातीठोक सांगणारेही भेटले. आंध्रातल्या चेंचू आदिवासींतही आर-१-ए मोठ्या प्रमाणात सापडला आहे, हे त्यांना सांगितलं की विषय बदलतात. हॅप्लोग्रुपवरून जात काढणं म्हणजे पिनकोडवरून माणसाचा स्वभाव सांगण्यासारखं आहे.

वंशावळ आणि वाय गुणसूत्र असं न जुळण्याला इंग्रजीत 'नॉन-पॅटर्निटी' असा शब्द आहे, त्यात पितृत्वाचा संशय आधीच भरलेला. तिकडचं सर्वांत गाजलेलं उदाहरण इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचं. त्याचा सांगाडा २०१२मध्ये लेस्टरच्या गाड्या लावायच्या जागेखाली सापडला. आईकडची खूण जुळली, म्हणून तो रिचर्डच. पण वाय गुणसूत्र त्याच्या घराण्याच्या हयात वंशजांशी जुळलं नाही. मधले एकोणीस बाप-मुलांचे दुवे, त्यातला निदान एक कुठेतरी तुटलेला, कुठला ते कळायला मार्ग नाही. शिवाय त्या हयात पाच जणांतलाही एक बाकी चौघांशी जुळला नाही! बेल्जियममधल्या अभ्यासात असं पिढीमागे सुमारे एक टक्का घडतं असं निघालं. पण ती गणितं तिकडची. आपल्याकडे निपुत्रिक माणसाच्या घरात दत्तविधान होत होतं, होम होत होता, चारचौघांच्या साक्षीने मूल मांडीवर घेतलं जात होतं. संशय घ्यायचाच तर आधी दत्तकाचा घ्यायला हवा. मात्र आमच्यात 'द.' नव्हता.

आता फट किती जुनी ते पाहायचं. यासाठी आपल्याच पातीतला, पण जितका लांबचा मिळेल तितका पुरुष शोधायचा. साताऱ्याचे अरुणकाका मिळाले. बाबांचे आजोबा आणि काकांचे आजोबा सख्खे भाऊ, त्यांचे वडील रामचंद्र, म्हणजे माझे खापरपणजोबा, जन्म १८४१च्या आसपास. अरुणकाकांचेही डीवायएस ४५८ शून्य. बाकी सगळं बाबांसारखं, एका मार्करचा फरक. म्हणजे रामचंद्रापासून खाली सगळं सलग. जे घडलं ते रामचंद्रावर किंवा त्याच्याही वर, तीन-चार पिढ्यांत कुठेतरी.

इथे आम्ही कित्येक महिने अडकलो. मध्ये टाळेबंदी आली. कंपनीच्या यादीत ३७ मार्करवर बाबांशी जुळणारा एकही माणूस नव्हता. तशा याद्यांत भारतीय मुळातच थोडे, त्यात मराठी आणखी थोडे.

२०२१च्या पावसाळ्यात एक नाव उगवलं. आडनाव वेगळं, माणूस बडोद्याचा. निवृत्त अभियंता. मी लिहिलं, त्यांनी उत्तरात आधी विचारलं, "तुमच्याकडेही ४५८ गायब आहे का? मला वाटलं माझा नमुनाच बिघडला."

इथे उडी मारायचा मोह फार होतो, आणि मी मारलीच असती, पण पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीने अडवलं. शून्याशी शून्य जुळलं म्हणून दोघे भाऊबंद ठरत नाहीत. या तुकड्याच्या दोन्ही अंगांना एकसारख्या दिसणाऱ्या पुनरावृत्तीच्या रांगा आहेत, त्या एकमेकींना चुकून जुळल्या की मधला भाग निसटतो. असं वेगवेगळ्या माणसांत स्वतंत्रपणे घडू शकतं. आणि एकदा घडलेलं हजारो वर्षं उतरत जातं, त्यामुळे हे शून्य असलेले लाखो पुरुष असतील. उलटाही घोळ होतो. एका हौशी गृहस्थांनी शून्य आणि सतरा यांत सतरा पावलांचा फरक धरून मला एकदा भलताच तक्ता पाठवला होता. तुकडा गळाला तो एकदाच गळाला, ती एक घटना, सतरा नव्हेत. तेव्हा शून्य बाजूला ठेवून उरलेले छत्तीस पाहायचे. बडोदेकरांचे त्यातले चौतीस बाबांशी तंतोतंत जुळले, दोन एकेकाने वेगळे.

बरं, पण एवढ्यावरून दोनशे वर्षांपूर्वीचा पूर्वज की पाचशे, हे सांगता येत नाही. मार्कर परत जागेवरही येतात, एकदा वाढून एकदा घटतात. म्हणून २०२२मध्ये बाबांची आणि बडोदेकरांची सखोल चाचणी केली, जिच्यात गुणसूत्राचा मोठा भाग अक्षर-अक्षर वाचतात. खर्चाचा आकडा घरात अजून सांगितलेला नाही. त्यात दोन गोष्टी मिळाल्या. वाचनाच्या नकाशात सुमारे तीस लाख अक्षरांच्या पट्ट्यात शुकशुकाट, दोघांच्याही, आणि दोन्ही टोकं एकाच जागी. आणि दुसरी जास्त महत्त्वाची, यादीतल्या इतर कुणातही नसलेले, पण या दोघांत सामाईक असे अनेक अक्षरबदल. त्यानंतर बाबांचे स्वतःचे म्हणावेत असे बदल फक्त दोन, बडोदेकरांचे तीन. या चाचणीत साधारण ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत एक नवा बदल पडतो असा ठोकताळा आहे. दोन-तीन बदल म्हणजे दोनेकशे वर्षं. हे काही भिंतीवरचं घड्याळ नाही, पन्नास-साठ वर्षं इकडे-तिकडे सहज होतात. पण पाचशे वर्षं नक्कीच नव्हेत.

बडोदेकरांचे आजोबा गायकवाडीत नोकरीला गेलेले, मूळ गाव कृष्णाकाठी, वाईपासून चार कोसांवर. मी गोत्र विचारलं. "वसिष्ठ," म्हणाले. मी फोनवर 'बरं' म्हटलं आणि पुढचं विचारलं. डोक्यात काही पेटलं नाही. निळं पुस्तक कपाटात होतं.

आता कागद. मोडी मी टाळेबंदीच्या आधीच शिकले होते, वाचते अडखळत. पुण्याच्या पुराभिलेखागारात इनाम कमिशनची दप्तरं आहेत. इंग्रजांनी १८५२च्या अकराव्या कायद्याने इनामदारांना दारात उभं केलं: सनद दाखवा, कुणी दिली सांगा, वंशावळ मांडा. आमच्या घराण्याची कैफियत तिथे सापडली, तीन पानी. रामचंद्राचं नाव 'पुत्र' म्हणून. औरस म्हटलेलं नाही, दत्तकही म्हटलेलं नाही. नुसतं पुत्र. बापाचं नाव आहे, बाप शके १७७०मध्ये वारला असं आहे, विधवा आईचं नाव आहे.

शके १७७० म्हणजे १८४८-४९. साताऱ्याच्या मुलखातल्या माणसाला १८४८ सांगावं लागत नाही. एप्रिलात अप्पासाहेब महाराज वारले. मरणाआधी घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही आणि राज्य खालसा केलं. झाशी, नागपूर नंतरचे, पहिली पाळी साताऱ्याची. जिथे छत्रपतींच्या गादीचा दत्तक चालला नाही, तिथे वाईकडच्या एका विधवेने घेतलेला दत्तक काही बिघ्यांच्या इनामाला चालेल याची खात्री कुणाला वाटली असती? शास्त्राने तिला अडचण नव्हती. आपल्याकडे नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख प्रमाण, आणि मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याची परवानगी नसतानाही दत्तक घेता येत असे. प्रश्न शास्त्राचा नव्हता, कमिशनच्या साहेबाचा होता. म्हणून 'पुत्र'. खोटंही नाही. हा माझा तर्क आहे, कागदात भीती लिहिलेली नसते.

तर्काला पाय नाशकात फुटले. पुढच्या वर्षी मी आणि बडोदेकर त्यांच्या क्षेत्रोपाध्यायांकडे, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या ठेवणाऱ्या तिथल्या पुरोहितांकडे, गेलो. आमचे उपाध्याय वेगळे, त्यांचे वेगळे. आमच्या वहीत रामचंद्राने १८७०च्या दशकात स्वहस्ते लेख घातलाय, त्यात पुन्हा काही नाही. बडोदेकरांच्या उपाध्यायांनी लाल कापडातली लांबोडकी वही काढली, गावाचं नाव विचारलं, बोट फिरवत गेले. शके १७७६, थोरला भाऊ वडिलांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आलेला. त्याने भावांची नावं लिहिली आहेत. चौथं नाव: 'चि. गणेश यास वाईस दत्तक दिल्हे', आणि पुढे आमचं आडनाव.

बडोदेकर मोठ्याने वाचत होते आणि थांबले. उपाध्याय म्हणाले, "फोटो काढायचा तर काढा, पण वही खिडकीकडे घ्या, इथे सावली पडते." मी फोटो काढला तो हललेला आहे.

गणेशचा रामचंद्र झाला, आठ-नऊ वर्षांचा असताना. लेखात कुठेही लपवाछपवी नाही. देणाऱ्या घराला लपवायचं कारणच नव्हतं. पुरावा आमच्याकडे शोधत बसले होते चार वर्षं, आणि तो होता त्यांच्या अस्थिविसर्जनाच्या नोंदीत. कुणाला असाच निकाल आला तर माझा एकच व्यवहारी सल्ला आहे, घेणाऱ्याची दप्तरं कमी आणि देणाऱ्याची जास्त चाळा. देणारा कोण, हे मात्र ते शून्य आणि ते छत्तीस आकडे नसते तर कधीच कळलं नसतं.

परतीच्या बसमध्ये संगमनेरच्या पुढे कुठेतरी मला ते दीड पान आठवलं. वसिष्ठगोत्री घराशी सोयरीक करीत नाहीत. दत्तक गेलेल्याचं गोत्र बदलतं, पण लग्नापुरतं जनक घराण्याचं गोत्रही वर्ज्यच राहतं, आणि ते पुढे पाळलं जातं. आमच्या घराने 'द.' विसरून टाकला, नियम तेवढा ठेवला. दीडशे वर्षं.

बाबांना घरी आल्यावर सगळं सांगितलं. वहीचा हललेला फोटो त्यांनी भिंग लावून पाहिला. "होम झाला असणार," म्हणाले, "बाईनं अर्ध्यावर काम ठेवलं नसेल." आणि मग, "म्हणजे देव आपलेच." त्यांच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीत रामचंद्रापुढे 'द.' घाल, आणि विधवेचं नाव पूर्ण छाप, जुन्यात नुसतं 'पत्नी' आहे.

दुधीचा उलगडा अजून झालेला नाही.

संध्याकाळी मी आत्याला फोन लावला. आत्या बाबांहून चार वर्षांनी मोठी. तिची एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, बोलत कुणी नव्हतं. १९५७मध्ये तिला एक स्थळ सांगून आलं होतं, मुलगा पुण्यात प्राध्यापक, तिला पसंत होता, त्यांना ती पसंत होती. आजोबांनी नकार कळवला. मुलगा वसिष्ठगोत्री. तिचं पुढे तीन वर्षांनी दुसरीकडे लग्न झालं, संसारही चांगला झाला.

मी रामचंद्र, गणेश, वही, रामकुंड, सगळं क्रमाने सांगितलं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. ऐकू येतंय ना, म्हणून मी दोनदा विचारलं.

"येतंय गं," म्हणाली. "म्हणजे खरंच गोत्र होतं."

"हो."

"मला वाटायचं, हुंड्याला पैसे नव्हते म्हणून अण्णांनी गोत्राचं निमित्त काढलं." मग जरा वेळाने, "सहासष्ट वर्षं धरून बसले होते मी त्यांच्यावर."